नांदेडात विलायती बाईंचा उत्सव

नांदेडच्या आमच्या वाचनालयानं एका विलायती कादंबरीकार बाईंचा तीन दिवसांचा उत्सव केला होता, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. ती शेवटची आहेत हे अर्थात आम्हाला ठाऊक नव्हतं. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले, आणि पंचवीस माणसांनी बसून कुणाचं भाषण ऐकायचं म्हटलं तरी आधी दरखास्त द्यावी लागे. दरखास्तीत वक्त्याचं नाव, विषय, आणि तो कुठून येणार हे लिहायचं. मग वरून उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दाचं असे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मूळची लातूरची. मॅट्रिक झाल्यावर नांदेडला मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि मी मामांकडे राहायला आले. मामा वकील होते. कोर्टात उर्दू, घरात मराठी आणि चिडले की इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती. वाचनालयाचे ते अध्यक्ष. वाचनालय म्हणजे बाजारातल्या एका कापडदुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या, सहा कपाटं आणि एक ग्रंथपाल. ग्रंथपाल वयस्कर, विधुर, अंगानं काटकुळे. पुस्तक नेणाऱ्याकडे ते अशा नजरेनं बघत, की जणू घरातली मुलगी सासरी धाडतायत.

दर साली नवरात्रात वाचनालयाचा उत्सव होई. त्यासाठी बाहेरून कुणीतरी मराठी साहित्यिक बोलवायचा आणि त्याच्या भाषणावर पुढं वर्षभर बोलायचं, असा रिवाज होता. त्या साली एका साहित्यिकासाठी दिलेली दरखास्त नामंजूर झाली. मग दुसऱ्या, जरा मवाळ साहित्यिकासाठी दिलेली पण नामंजूर झाली. त्या दिवशी मामा जेवायला बसले. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "ह्यांना जित्या मराठी माणसाची भीती वाटते. मग आपण वारलेली विलायती बाई घेऊ."

बाई आमच्याकडे होत्याच. रेल्वेतला एक गोरा इंजिनिअर बदलून जाताना दोन खोके भरून पुस्तकं वाचनालयाला देऊन गेला होता. त्यात पूल बांधण्यावरची बरीच आणि ह्या बाईंच्या तीन कादंबऱ्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेलेली बाई, विलायतेत तिचा मोठा मान, आणि लिहिलं काय तर गावाकडच्या घरांतून मुलींची लग्नं कशी जुळतात ते. ह्यात सरकारला कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मामांनी त्याच दुपारी सुरेख उर्दूत दरखास्त लिहिली.

आठ दिवसांनी कचेरीतून उलट सवाल आला. सदर मोहतरमा नांदेडला कोणत्या गाडीनं येणार, उतरणार कुठं, आणि त्यांच्या पडद्याचा बंदोबस्त काय? मामांनी उत्तर लिहिलं की मोहतरमा वारल्या आहेत. त्यावर इजाजत आली. शर्ती दोन. चालू परिस्थितीवर कुणी अवाक्षर काढायचं नाही, आणि सूर्य मावळायच्या आत कार्यक्रम संपवायचा. खाली आणखी एक ओळ होती. अव्वल तालुकदार साहेब, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, ह्यांनी कॉलेजात असताना ह्या बाईंची पुस्तकं शौकानं वाचली आहेत, सबब शेवटच्या दिवशी ते स्वतः हजर राहतील.

हे वाचून मामांचा चेहरा उतरला. कारण आमच्या वाचनालयात ती पुस्तकं एकानंही वाचलेली नव्हती. मामांनी तर अजिबात नाही.

मामांचं इंग्रजी चिडण्यापुरतंच होतं, त्यामुळे इंग्रजी वाचून मराठीत सांगू शकेल असं घरात मीच होते. मामांनी माझं नाव काढलं तसं ग्रंथपालांनी तीनपैकी एक कादंबरी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिली. कादंबऱ्यांनी मुली बिघडतात असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी मला तेव्हाच सांगून टाकलं, म्हणजे नंतर त्यांच्यावर बोल नको.

मी शाळेतून आले की वाचायची आणि सैपाकघरात मामीला सांगायची. मामीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गोष्टीत तिला फसवणं कठीण होतं. गोष्ट अशी होती: एका गावात दोन बहिणी, बाप नाही, पैसाअडका बेताचा. त्यांचं सगळं बघणारी एक आत्या, स्वभावानं खट. शेजारच्या मुलखातला एक जमीनदार धाकटीला बघायला म्हणून येतो आणि त्याचं मन बसतं थोरलीवर. तो थोरलीला पत्र लिहितो, आणि ते पत्र पडतं धाकटीच्या हाती.

आता ह्यातली विलायती गावांची नावं मामीच्या ध्यानात राहीनात. दर वेळी "कोणतं गाव म्हणलीस?" हे चालू. म्हणून मी बहिणींचं घर बिलोलीला नेलं, आत्याला लोह्याला ठेवलं आणि जमीनदार देगलूरचा केला. मामीला एकदम सगळं दिसायला लागलं. देगलूरचा म्हणजे बोलताना मधी तेलुगू शब्द घालत असेल, असं तिनंच ठरवून टाकलं. त्या गोष्टीत एक नाचाचा प्रसंग होता. परकी माणसं परक्या मुलींचे हात धरून नाचतात, हे ऐकल्यावर मामी पीठ मळायची थांबली. मी घाईनं नाच काढून टाकला आणि तिथं एका लग्नाची पंगत घातली. पंगतीत लांबून नजरानजर झाली, एवढ्यावर भागवलं.

पहिल्या दिवशी मामांचं भाषण झालं. माडीवर सतरंजी घातली होती. बायकांसाठी मागच्या खोलीच्या दाराला बांबूच्या कामट्यांच्या चिकाचा पडदा सोडला होता. समोर टेबलावर बाईंची तसबीर होती, तिला झेंडूचा हार, पुढं नारळ आणि उदबत्ती. तसबीर आली कुठून, हे मी ग्रंथपालांना विचारलं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की बाईंचं चित्र कुठंच मिळालं नाही, म्हणून बिस्किटाच्या डब्यावरची एक गोरी बाई कापून चौकटीत बसवली आहे. विलायतेच्या बाया सगळ्या सारख्याच दिसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दाराशी एक माणूस वही-पेन्सिल घेऊन बसला होता. साधा सदरा, डोक्याला रुमाल, पण पायात पोलिसी बूट. तो खुफियाचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा हवालदार आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रंथपालांनी त्याला टेकायला लोड दिला. तो लोह्याकडचा, मराठी समजणारा म्हणून त्याला नेमला होता. ऐकायचं मराठीत आणि लिहायचं उर्दूत, असं त्याचं काम.

मामा तासभर बोलले. त्यात बाई चार-पाच वेळाच आल्या. पण जेव्हा जेव्हा आल्या, तेव्हा मामांनी एकच गोष्ट ठासून सांगितली. ह्या बाईंनी आपल्या मातृभाषेत लिहिलं. त्यांना कुणी दुसऱ्या भाषेत लिही म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. दर वेळी माडी टाळ्यांनी दणाणली. हवालदारानं वहीत फक्त लिहिलं की मरहूमा आपल्या मादरी जबानीत लिहीत असत. ह्याला हरकत घेणार कशी?

दुसरा दिवस माझा. चिकाच्या कडेला अशी उभी राहिले की पुरुषांना मी दिसावी आणि बायकांना नीट ऐकू यावं. मी विलायती नावं पाठ करून गेले होते. पहिलं नाव घेतलं आणि समोरच्या चेहऱ्यांवर काहीच उमटलं नाही. दुसरं घेतलं तसा चिकाआडून मामीचा आवाज आला, "आपलं बिलोलीचं सांग की." बायका हसल्या. माझ्या तोंडून बिलोली गेली, आणि मग मी थांबलेच नाही. लोह्याची आत्या आली, देगलूरचा जमीनदार घोडीवरून आला, चार गावं जमीन, बोलताना मधी तेलुगू. आत्या थोरलीला घालूनपाडून बोलली तेव्हा पडद्याआड कुणीतरी आपल्या आत्यासासूचं नाव घेतलं. पुरुष आधी मांड्या घालून ताठ बसले होते, ते हळूहळू पुढं सरकले. मी एकदा दाराकडे पाहिलं तर हवालदाराची पेन्सिल नुसती हातात होती. तो ऐकत होता.

पत्र धाकटीच्या हाती पडलं, आणि ग्रंथपाल घंटी घेऊन उठले. सूर्य खाली गेला होता. उरलेलं उद्या, असं मी म्हटल्यावर लोक कुरकुरत जिना उतरले. जिन्यात हवालदार माझ्यासाठी थांबला होता. मी घाबरले. त्यानं इकडंतिकडं बघून विचारलं, "बाई, त्या थोरलीला कळतं का न्हाई, पत्र तिचं होतं म्हणून?" मी म्हटलं, उद्या या. तो म्हणाला, यावंच लागतं, नेमणूक हाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाई आला. मामांना आणि 'कहाणी सांगणाऱ्या बाई'ला कचेरीत बोलावलं होतं. मामीनं देवापुढं साखर ठेवली. टांग्यात मामा मला एकच सांगत होते, मी तोंड उघडायचं नाही, बोलायचं ते मामाच बोलतील.

अव्वल तालुकदार साहेब पन्नाशीचे, गोरेपान, अंगात काळी शेरवानी, बोलणं अगदी हळू. आमच्या दोन दरखास्ती ह्याच माणसानं नामंजूर केल्या होत्या. टेबलाच्या एका अंगाला तो हवालदार पुऱ्या वर्दीत खाली मान घालून उभा होता. साहेबांनी त्याचा अहवाल उचलला आणि वाचायला सुरुवात केली. वाचनालयाच्या सभेत काल असं उघडकीस आलं, की देगलूरच्या बाजूला चार गावांचा मालक असलेला एक जमीनदार आहे. तो घोडीवरून बिलोलीस वारंवार येतो. त्यानं तिथल्या एका घरी गुप्तपणे पत्र पोचवलं असून ते चुकीच्या हाती पडलं आहे. पत्रातला मजकूर आज सायंकाळी जाहीर होणार आहे. लोह्याच्या एका वृद्ध बाईचा ह्यात हात दिसतो. तिन्ही ठिकाणी चौकशी व्हावी.

मामा वकिलाच्या आवाजात म्हणाले की असा कुणी इसम आपल्या माहितीत नाही. साहेबांनी कागद खाली ठेवला. "वकील साब, मैं इस जमीनदार को तीस बरस से जानता हूँ. ये देगलूर में कब आया?"

 मामा माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मला तोंड उघडणं भाग पडलं. मी खरं ते सांगितलं. मामीला विलायती गावं ध्यानात राहत नव्हती, म्हणून मी सगळ्यांना इकडं आणलं. माणसं तीच आहेत, फक्त गाव बदललं आहे. साहेबांनी विचारलं, नाचाचं काय केलं? मी म्हटलं, त्याच्या जागी पंगत घातली. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, पुष्कळ वेळ पुसलं. ते हसत होते हे मला जरा उशिरा कळलं.

मग ते हवालदाराकडे वळले. गोष्ट सांगतायत हे कळूनही त्यानं ती खरी कशी धरली, हा सवाल होता. हवालदाराच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला, "हुजूर, बाई ऐसा बोले के मेरेकू वो आदमी दिसा."

आयुष्यात पुढं मी पुष्कळ वर्षं शिकवलं, चारदोन ठिकाणी माझा सत्कारही झाला. पण तो घाबरलेला माणूस जे बोलला, तसं कुणी काही बोललेलं मला आठवत नाही.

साहेबांनी अहवाल फाडला नाही. कचेरीत कागद फाडत नाहीत. त्यांनी कडेला दोन ओळी लिहून तो बांधून ठेवायला दिला. मग आम्हाला चहा आला, आणि तो पिताना त्यांनी सांगितलं की त्यांना तीन बहिणी होत्या. सुट्टीत घरी गेले की ते हीच कादंबरी उर्दूत करून त्यांना वाचून दाखवत. त्या वेळी ते त्या जमीनदाराला आपल्या गावाजवळच्या एका कसब्यात आणून ठेवत. थोरली बहीण शेवट ऐकायच्या आधी सासरी गेली. पुढं तिला तो सांगायचा राहूनच गेला. 

मामांना वाटलं, लोखंड तापलेलं आहे. त्यांनी लगोलग विषय काढला, की पुढल्या साली तरी एखाद्या मराठी साहित्यिकाला इजाजत मिळावी. साहेबांनी विचारलं, "वो जिंदा हैं?" मामा म्हणाले, जी, आहेत. साहेबांनी पेला खाली ठेवला. "तो मुश्किल है."

संध्याकाळी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बरेच लोक जिन्यात उभे. साहेब आले, टेबलापुढं थांबले आणि त्यांनी तसबीर निरखून बघितली. ग्रंथपालांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, की बाईंच्या हातातल्या बशीत काय आहे. बिस्किटं कापायची राहून गेली होती. ग्रंथपाल म्हणाले, नैवेद्य. साहेबांनी मान लववली आणि खुर्चीवर जाऊन बसले.

मी पुढची गोष्ट सांगितली. शेवट बदलायचा नाही, ही सकाळी साहेबांनी मला घातलेली अट होती. मी पाळली. धाकटी ते पत्र चार दिवस उशीखाली ठेवते, रडते, आणि पाचव्या दिवशी उठून थोरलीच्या हातात देते.  दाराशी हवालदारानं वहीत काहीतरी लिहिलं. ते काय होतं ते मला कधी कळलं नाही. थोरलीचं लग्न होतं, आत्या रुसून बसते, आणि संपतं.

बायकांच्या बाजूनं चिक हलला. बाहेर कुणी आलं नाही, नुसता प्रश्न आला. हे लिहिणाऱ्या बाईंचं लग्न कुणाशी झालं?

मी म्हटलं, त्यांनी लग्न केलं नाही.

 साहेब छताकडे बघायला लागले. मग पडद्याआड एक म्हातारा आवाज म्हणाला, "म्हणूनच लिहायला सवड गावली असंल बाईला." आधी बायका हसल्या, मग पुरुष. मामी मात्र हसली नाही. त्या दिवसांत लातूरला माझ्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, आणि मुलाकडच्यांची पहिली अट होती की मुलीनं नोकरी सोडायची.

घरी परतताना मामी माझ्या बरोबरीनं चालत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तुला पण सवड पाहिजे का गं?" मी म्हटलं, लिहायला नको, पण वाचायला पाहिजे, आणि शाळेला जायला.  दोन दिवसांनी मामांनी लातूरला लिहिलेलं पत्र मी पाहिलं. मुलगी नोकरी करील आणि रोज दोन घटका पुस्तक वाचील, हे मान्य असेल तर पुढं बोलू, असं त्यात होतं. मामांनी इतकं रोखठोक मराठी दुसऱ्या कुठल्या कागदात लिहिलेलं मला माहीत नाही. मजकूर कुणी सांगितला होता हे कळतच होतं. लातूरकडून उत्तर आलं नाही. मला त्याचं दुःख व्हायला हवं होतं, थोडंसं झालंही. वर्ष-दीड वर्षानं लातूरलाच दुसरीकडे जमलं, माझ्या यजमानांनी ती अट हसून मान्य केली आणि आयुष्यभर पाळली. वरणाला फोडणी द्यायची राहून गेली तरी पाळली.

उत्सवानंतर बायका ग्रंथपालांच्या मागं लागल्या. शेवटी बिस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, दुपारी वाचनालय दोन तास फक्त बायकांसाठी उघडं ठेवायचं ठरलं. बाईंच्या उरलेल्या कादंबऱ्या मी मराठीत करून वाचायच्या, बाकीच्यांनी ऐकायचं. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही, ही ग्रंथपालांची शर्त होती. तांब्या-घंगाळ त्यांनी स्वतः भरून ठेवलं.

पहिल्या गुरुवारी पाचजणी आल्या, ऐकता ऐकता निवडायला सुपात तूर-तांदूळ घेऊन. त्यांतली एक नवखी होती, लुगड्याचा पदर घट्ट ओढून अगदी कोपऱ्यात बसली. ती हवालदाराची बायको निघाली. नवऱ्यानं मुद्दाम लोह्याहून बोलावून घेतलं होतं. बायकांच्या बैठकीत त्याला येता येत नव्हतं, म्हणून तिनं ऐकून घरी जाऊन सांगायचं अशी योजना होती. पुढल्या गुरुवारी तिनं कबूल केलं की सांगताना ती काही गोष्टी बदलते. ह्या नव्या कादंबरीतला जमीनदार तिला पसंत नव्हता, सबब तिनं त्याला तापानं आजारी पाडला होता.

"हे काय करून राहिलीस?" मामीनं तिला विचारलं. "नवरा अहवालात लिहील की."

ती म्हणाली, लिहू द्या. असं म्हणून तिनं सुपातली तूर पुढं ओढली, आणि मला पुस्तक उघडायला सांगितलं.